एचआयव्ही दोघांनी मिळून टाळायचा तर: चाचणीपासून पुढचा क्रम, तारखांसह

समुपदेशनाच्या खोलीत जोडपं येऊन बसतं. त्यातला एक जण खिशातून घडी घातलेला कागद काढतो, टेबलावर हाताने सपाट करतो आणि सांगतो, "आमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला." कागदावर नाव एकाचंच असतं. शेजारी बसलेल्या जोडीदाराची चाचणी झालेलीच नसते, आणि त्यात काही चुकलंय असं दोघांनाही वाटत नसतं.

एचआयव्हीत "आमचा रिपोर्ट" असं काही नसतं. एकत्र राहणाऱ्या, नियमित संबंध असणाऱ्या दोघांपैकी एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह असणं नेहमी दिसतं. वर्षानुवर्षं ते तसंच राहिलेलीही जोडपी मी पाहते. एकाच्या रक्तावरून दुसऱ्याचं काहीही ठरत नाही.

एचआयव्ही कसा पसरतो हे बहुतेकांना माहीत असतं. असुरक्षित संबंध, बाधित रक्त, एकमेकांची सुई वापरणं, आणि आईकडून बाळाला. ताट, चुंबन, संडास, डास यांतून तो पसरत नाही. गडबड होते ती क्रमात. चाचणी लवकर करतात, कंडोम लवकर सोडतात, आणि तातडीच्या गोळ्यांसाठी उशिरा येतात. तिन्ही चुका तारखांच्या आहेत. म्हणून पुढचं वाचण्याआधी एक छोटी वही घ्या आणि ती दोघांनाही माहीत असलेल्या जागी ठेवा. लग्न झालेलं असो वा नसो, जोडपं स्त्री-पुरुषाचं असो वा दोन पुरुषांचं, क्रम तोच आहे.

## टप्पा १: चाचणीला जाण्याआधी

विषय काढणं हीच बऱ्याच जणांची अडचण असते. तो भांडणात काढू नका आणि अंथरुणात तर नकोच. सगळ्यांत कमी दुखावणारी पद्धत म्हणजे आपला हात आधी पुढे करणं. "तुझ्यावर संशय आहे म्हणून म्हणत नाही. आपली दोघांची तपासणी एकदा झालेली असावी असं मला वाटतं. आधी माझं रक्त घेऊ देत, मग तुझं." एवढी तीन वाक्यं पुरतात. समोरून लगेच "हो" आलं नाही तर दोन-चार दिवस जाऊ द्या. फसवून किंवा "दुसऱ्याच तपासणीला चाललोय" असं सांगून कुणालाही नेऊ नका. संमतीशिवाय झालेल्या चाचणीनंतर माणूस समुपदेशकावरही विश्वास ठेवत नाही, मग औषधांवर कसा ठेवेल?

निघण्याआधी तीन गोष्टी ठरवा:

१. दोघांची चाचणी एकाच दिवशी होईल.
२. निकाल एकत्र ऐकायचा की आधी आपापला ऐकून मग एकमेकांना सांगायचा. दोन्ही चालतं, पण हे आधी ठरलेलं हवं.
३. निकाल काहीही आला तरी त्या रात्री घर सोडणं, नातं तोडणं, नातेवाइकांना फोन करणं यांतलं काहीही करायचं नाही.

मग प्रत्येकाने, स्वतंत्रपणे, एक तारीख आठवायची: आपल्याकडून शेवटचा धोक्याचा प्रसंग कधी झाला? म्हणजे कंडोमशिवायचा संबंध (आपसातलाही त्यात आला), कुणाची तरी वापरलेली सुई टोचणं, कंडोम फाटणं. तपशील जोडीदाराला सांगावा असं माझं म्हणणं नाही. समुपदेशकाला एकट्याने भेटायची वेळ मागा आणि तिथे सांगा. पण तारीख प्रामाणिक हवी. पुढचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे.

इशारा: चाचणीचा विषय काढला किंवा निकाल कळला तर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर एकत्र जाऊ नका. एकट्याने चाचणी करा आणि ही भीती समुपदेशकाला पहिल्याच भेटीत सांगा. कुणाला कधी सांगायचं हे ठरवताना आधी तुमची सुरक्षितता पाहायची.

तपासून पाहा: वहीत दोघांच्या तारखा आल्या का? तारीख लिहायला संकोच वाटत असेल तर नुसतं "माझी ९० दिवसांची तारीख अमुक" (म्हणजे त्या प्रसंगापासून ९० दिवसांनी येणारी, हिशेब टप्पा २ मध्ये आहे) एवढं लिहिलं तरी चालेल.

## टप्पा २: चाचणी, आणि ९० दिवसांचा हिशेब

विषाणू शरीरात शिरल्यावर चाचणीत दिसेपर्यंत काही दिवस जातात. हा विंडो पिरियड. तो चाचणीच्या प्रकारानुसार बदलतो:

- बोट टोचून किंवा तोंडातल्या स्रावावर करतात ती अँटीबॉडीची (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांची) झटपट चाचणी: संसर्ग दिसायला साधारण २३ ते ९० दिवस.
- शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत करतात ती अँटिजेन-अँटीबॉडी चाचणी (अँटिजेन म्हणजे विषाणूचं प्रथिन): साधारण १८ ते ४५ दिवस.
- विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी चाचणी: साधारण १० ते ३३ दिवस.

"माझी कोणती चाचणी केली?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर वहीत लिहा. उत्तर मिळालंच नाही तर सरळ ९० दिवस धरा.

उदाहरण घेऊ. शेवटचा धोक्याचा प्रसंग १ मार्चचा. २० मार्चला बोट टोचून चाचणी केली, निगेटिव्ह आली. हा रिपोर्ट १ मार्चच्या प्रसंगाबद्दल काहीच सांगत नाही. त्याच पद्धतीने पुन्हा चाचणी करायची ती ३० मे किंवा त्यानंतर. मधल्या काळात आणखी एखादा प्रसंग झाला तर मोजणी पुन्हा त्या दिवसापासून.

सगळ्यांत महागात पडणारी चूक इथे होते. पहिला निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला की जोडपं आनंदाने घरी जातं आणि कंडोम बाजूला पडतो. खरं तर नुकताच संसर्ग झालेला असेल तर याच सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातलं विषाणूंचं प्रमाण प्रचंड असतं आणि दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता सर्वाधिक असते. रिपोर्ट निगेटिव्ह आणि संसर्ग पसरण्याचा धोका टोकाला, असा हा काळ आहे. त्यामुळे विंडो पिरियड संपेपर्यंत आपसातही कंडोम वापरायचाच. प्रसंगानंतर २ ते ४ आठवड्यांत ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, मानेतल्या गाठी असं काही झालं तर "फ्लू असेल" म्हणून सोडून न देता प्रसंगाची तारीख सांगून डॉक्टरांना दाखवा.

आणखी काही गोष्टी थोडक्यात:

- पहिली चाचणी "रिअॅक्टिव्ह" येणं म्हणजे पॉझिटिव्ह ठरणं नव्हे. वेगळ्या किटने पुन्हा तपासून मगच निदान पक्कं करतात. तोपर्यंत कुणाला काही सांगू नका.
- घरी स्वतः चाचणी करत असाल तर पत्रकात लिहिलेल्या वेळेतच पट्टी वाचा. कचऱ्यातून काढून दुसऱ्या दिवशी पाहिलेली फिकट रेघ ग्राह्य नाही.
- "रक्तदान करू, आपोआप कळेल" असं कधीही करू नका. विंडो पिरियडमधलं रक्त तपासणीतून निसटलं तर ते दुसऱ्याच कुणाला तरी चढतं.
- त्याच वेळी सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या चाचण्याही करून घ्या. गुप्तरोगाचे फोड किंवा जखमा असतील तर एचआयव्हीला शरीरात शिरणं सोपं जातं, आणि हिपॅटायटिस बी आहे की नाही हे पुढे गोळ्या ठरवताना लागतंच.

## टप्पा ३: निकाल हातात आल्यावरचे दोन दिवस

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पहिला प्रश्न असतो, "कुणी आणला?" मी हा प्रश्न विचारणाऱ्यांना दोष देत नाही, तो कुणाच्याही तोंडी येईल. पण नेहमीचा चाचणीचा रिपोर्ट याचं उत्तर देऊच शकत नाही. लागण कधी झाली, कुणाकडून झाली, काही लिहिलेलं नसतं. आधी पॉझिटिव्ह कळलेली व्यक्ती आधी बाधित झालेली असेलच असं नाही, ती फक्त आधी तपासली गेली. गरोदरपणात तपासणी होते म्हणून कित्येक बायकांना आधी कळतं आणि सगळा आळ त्यांच्यावर येतो. जोडीदाराची चाचणी तोवर झालेली नसते.

या दोन दिवसांत करायचं ते एवढंच: दुसऱ्याची चाचणी राहिली असेल तर ती करणं, उपचाराच्या भेटीची वेळ घेणं, आणि त्या दिवसापासून कंडोम. बाई पॉझिटिव्ह असेल तर तिच्या मुलांचीही तपासणी करायची, ती धडधाकट दिसत असली तरी.

इथून वाटा वेगळ्या होतात. दोघंही निगेटिव्ह असाल तर टप्पा ४. एक पॉझिटिव्ह असेल तर टप्पा ५. दोघंही पॉझिटिव्ह असाल तर दोघांचे उपचार स्वतंत्रपणे सुरू होतात. गोळ्यांचं वेळापत्रक आणि व्हायरल लोडचं, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचं, वाचन टप्पा ५ मध्येच आहे. "दोघांनाही आहे, मग एकाच्या गोळ्या दोघांनी वाटून घेऊ" हे मात्र कधीही नको. अर्धा डोस घेतला की औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होतो.

## टप्पा ४: दोघंही निगेटिव्ह, आता करार

विंडो पिरियड उलटून दोघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले की मगच कंडोम सोडायचा की नाही यावर बोला. गर्भनिरोधनाचा विचार वेगळा करायचा, तो इथे मिसळू नका.

करार म्हणजे मनात धरलेली अपेक्षा नव्हे. "आपल्यात असं काही होणारच नाही" हे वाक्य म्हणून सगळे मोकळे होतात, आणि झालं तर काय करायचं हे कुणीच ठरवत नाही. म्हणून ही कलमं मोठ्याने बोलून घ्या:

१. नात्याबाहेर संबंध ठेवायचे नाहीत, की ठेवले तर कंडोमशिवाय नाहीत? जे असेल ते स्पष्ट.
२. इंजेक्शनचं व्यसन किंवा कुणाबरोबर सुई वाटून घेणं असं काही आहे का?
३. करार मोडला तर किती वेळात सांगायचं?

तिसरं कलम सगळ्यांत महत्त्वाचं आहे. त्याचं उत्तर ७२ तासांच्या आत हवं, कारण टप्पा ७ मधल्या गोळ्या त्यानंतर चालत नाहीत. "सांगितलंस तर घर डोक्यावर घेईन" अशी धमकी आधीच देऊन ठेवली असेल तर समोरचा गप्प बसेल आणि ते तास निघून जातील. माझा आग्रह असतो की इथे एक सवलत लेखी द्या: "सांगितलंस तर आधी दवाखान्यात जाऊ, भांडण नंतर." आणि जोडीदाराला सांगणं शक्यच नसेल तर एकट्याने जा, पण वेळेत जा. त्यानंतर काहीतरी निमित्त काढून कंडोम पुन्हा सुरू करा.

एखाद्याला बाहेरचा धोका वारंवार असेल तर त्याने रोजची प्रतिबंधक गोळी, म्हणजे प्रेप, घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. आता दर दोन महिन्यांनी आणि दर सहा महिन्यांनी घ्यायची प्रतिबंधक इंजेक्शनंही आलेली आहेत. तुमच्या डॉक्टरांकडे कोणता पर्याय आहे ते विचारा.

## टप्पा ५: एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह

इथे घाई करायची ती फक्त उपचार सुरू करण्याची. बाकी सगळं सावकाश.

### ५.१ पॉझिटिव्ह जोडीदाराचे उपचार

निदान पक्कं झालं की एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी रोजची औषधं, त्याच दिवशी किंवा आठवड्याभरात सुरू करता येते. "सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) अजून चांगला आहे, नंतर बघू" हा सल्ला आता जुना झाला. सुरू करण्याआधी खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, डोकेदुखी यांतलं काही असेल तर न विसरता सांगा. टीबी असेल तर औषधांची वेळ आणि डोस दोन्ही बदलावे लागतात.

सुरू झाल्याची तारीख वहीत ठळक लिहा.

### ५.२ निगेटिव्ह जोडीदाराची प्रेप

पॉझिटिव्ह जोडीदाराच्या रक्तातला विषाणू दबायला काही महिने लागतात. तो काळ ओलांडायचा पूल म्हणजे प्रेप: बहुधा टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन यांची एकत्रित गोळी, रोज एक. केनिया आणि युगांडामधल्या ४,७०० हून अधिक जोडप्यांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर्स प्रेप अभ्यासात या गोळीने लागण सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाली. गोळी नियमित घेणाऱ्यांमध्ये संरक्षण त्याहूनही जास्त होतं.

क्रम असा: आधी एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह असल्याची खात्री, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी, आणि मग पहिली गोळी. पूर्ण संरक्षण लगेच मिळत नाही. गुदमार्गात लिंग स्वीकारणाऱ्या जोडीदारासाठी सुमारे ७ दिवस धरतात. योनीमार्गासाठी काही डॉक्टर ७ दिवस सांगतात, काही २१. मी २१ धरायला सांगते. तोपर्यंत कंडोम, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी. हिपॅटायटिस बी असेल तर ही गोळी मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर यकृताचा त्रास उसळू शकतो.

इशारा: "माझ्याच डबीतली एक तूही घे, तुला होणार नाही." हे मी अनेकदा ऐकलंय, आणि ते प्रेमापोटीच म्हटलेलं असतं. पण उपचाराची गोळी आणि प्रतिबंधाची गोळी एक नाही. शिवाय यात दोघांचेही डोस बुडतात.

### ५.३ रोजच्या गोळीची घडी

दोन डब्या आणा, प्रत्येकी सात कप्प्यांच्या, आठवड्याच्या वारांच्या. रंग वेगळे, नावं मोठ्या अक्षरात, जागा एकच, वेळही एकच. दोघं समोरासमोर बसून आपापली गोळी घेतात तेव्हा "गोळी घेतलीस का?" असा पहारेकऱ्याचा प्रश्न उरत नाही. मंगळवारचा कप्पा रिकामा दिसला की उत्तर मिळालं. या एका प्रश्नावरून किती घरांत खटके उडतात ते मी पाहते. शेवटी पॉझिटिव्ह जोडीदार चिडून "घेतली" म्हणतो, आणि घेतलेली नसते.

- विसरलात आणि आठवलं तर लगेच घ्या. पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर एकच घ्या, दोन एकदम नाही.
- गोळीत डोल्युटेग्राव्हिर असेल तर पित्ताच्या अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर ती घ्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही तिचं शोषण अडवतात. त्या एकत्र घ्यायच्याच असतील तर सगळं जेवणासोबत. गरोदर बाईला हे आवर्जून सांगायला हवं, तिला या दोन्ही गोळ्या असतातच.
- डबी संपायच्या एक आठवडा आधीची तारीख वहीत घाला.

### ५.४ व्हायरल लोड वाचायला शिका

पुष्कळ जोडपी सीडीफोरचा रिपोर्ट घेऊन येतात. "आठशे आहे, म्हणजे आता धोका नाही ना?" सीडीफोर प्रतिकारशक्ती सांगतो. दुसऱ्याला लागण होईल की नाही हे तो सांगत नाही. त्यासाठी कागदावर "व्हायरल लोड" हे शब्द आणि "कॉपीज प्रति मिलिलिटर" हे एकक शोधा.

- "टार्गेट नॉट डिटेक्टेड", किंवा आकड्याआधी "पेक्षा कमी" हे चिन्ह आणि २० किंवा ५०: हवं होतं ते हेच.
- २०० पेक्षा कमी: याच पातळीला लैंगिक संबंधातून लागण होत नाही हे सिद्ध झालेलं आहे.
- २०० ते १,०००: धोका अत्यल्प असला तरी गोळ्या चुकताहेत का ते शोधा, कंडोम चालू ठेवा.
- १,००० पेक्षा जास्त: गोळ्यांच्या सवयीवर समुपदेशकाशी मोकळं बोला आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करा. तरीही जास्त आला तर औषध बदलण्याचा विचार होतो.

चाचणीची वेळ साधारणपणे उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, आणि पुढे दरवर्षी.

### ५.५ कंडोम कधी सोडता येतो

हो, सोडता येतो. हे ऐकून काही जोडप्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण वर्षानुवर्षं एकमेकांना हात लावायची भीती वाटलेली असते. २०११ मध्ये जाहीर झालेल्या एचपीटीएन ०५२ अभ्यासात १,७६३ जोडपी होती, आणि लवकर सुरू केलेल्या उपचारांमुळे जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. नंतरच्या पार्टनर अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ मध्ये आले. दुसऱ्या टप्प्यात पुरुष-पुरुष जोडप्यांनी कंडोमशिवाय ठेवलेले सुमारे ७६,००० संबंध नोंदले गेले. व्हायरल लोड २०० च्या खाली असलेल्या जोडीदाराकडून एकाही व्यक्तीला लागण झाली नाही.

पण हे सगळं कागदावर टेकलेलं आहे.

कंडोम सोडण्याआधी तपासून पाहा:

- एआरटी सुरू होऊन किमान सहा महिने झाले का?
- ताजा व्हायरल लोड २०० च्या खाली आहे का? शक्य असेल तर लागोपाठ दोन रिपोर्ट असे पाहा.
- मधल्या काळात गोळ्यांत खंड पडला नाही ना?
- दोघांपैकी कुणालाही गुप्तरोगाची लक्षणं नाहीत ना?
- गर्भ नको असेल तर दुसरं साधन ठरलंय का?
- निगेटिव्ह जोडीदार मनापासून तयार आहे का?

शेवटच्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलं तर कंडोम राहू द्या. प्रेपही तोवर चालू ठेवा आणि थांबवायची ती डॉक्टरांना विचारूनच.

व्हायरल लोड न दिसणं म्हणजे एचआयव्ही बरा होणं नव्हे. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू परत वर येतो. आणि हे संरक्षण लैंगिक संबंधांपुरतं आहे, एकच सुई वाटून घेण्याला ते लागू नाही.

## टप्पा ६: कंडोम नीट वापरणं

सगळ्यांना येतं असं वाटतं, म्हणून कुणी शिकत नाही. पाकीट हातात घ्या. तारीख पाहा. बोटांनी दाबून आत हवेची उशी जाणवते का बघा, जाणवली नाही तर फेकून द्या. आतला कंडोम बोटाने एका बाजूला सरकवा आणि दुसरी बाजू हाताने फाडा, दातांनी नाही. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि मुळापर्यंत उलगडा. उलटा बसला तर सरळ करून वापरू नका, त्यावर आधीच स्राव लागलेला असू शकतो. नवीन घ्या. संबंध संपल्यावर लिंग ताठ असतानाच, मुळाशी कंडोम धरून बाहेर काढा.

वंगण लागलं तर पाण्याचं किंवा सिलिकॉनचं. खाण्याचं तेल, पेट्रोलियम जेली, अंगाला लावायची क्रीम यांनी लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतो. एकावर एक दोन कंडोम घालू नका, आणि स्त्रीने व पुरुषाने एकाच वेळी आपापला वापरू नये. घर्षणाने फाटतात. पाकिटात घालून मागच्या खिशात महिनोन्‌महिने बसलेला कंडोम वापरू नका.

## टप्पा ७: कंडोम फाटला तर

१. घड्याळ पाहा, वेळ लिहा.
२. बाहेरून पाण्याने धुवा. आतून पिचकारी मारू नका, त्वचा दुखावते.
३. पॉझिटिव्ह जोडीदाराचा शेवटचा व्हायरल लोड कोणत्या तारखेचा आणि किती, ते वहीतून काढा. तो दबलेला असेल किंवा निगेटिव्ह जोडीदार प्रेप नियमित घेत असेल तर पुढच्या गोळ्यांची गरज बहुधा लागत नाही, पण तो निर्णय डॉक्टरांचा.
४. नाहीतर पेप, म्हणजे धोक्याच्या प्रसंगानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळ्या, सुरू करायला तातडीने जा. ७२ तास ही शेवटची मर्यादा आहे, पहिल्या काही तासांत सुरू झालेली बरी. रविवारी रात्री फाटला तर सोमवारच्या ओपीडीची वाट न पाहता तातडीच्या विभागात विचारा.
५. गोळ्या २८ दिवस, एकही न चुकवता. मळमळ होते म्हणून दहाव्या दिवशी सोडून देणारे बरेच असतात. सोडण्याआधी फोन करा, मळमळीवर औषध मिळतं.
६. सुरुवातीला, मग ४ ते ६ आठवड्यांनी आणि १२ आठवड्यांनी चाचणी. तोपर्यंत कंडोम.

## टप्पा ८: मूल हवं असेल तर

आधी व्हायरल लोड, मग प्रयत्न. टप्पा ५.५ ची यादी पूर्ण झाली की नैसर्गिकरीत्या गर्भधारणेचा प्रयत्न करता येतो. जास्तीची काळजी हवी असेल तर निगेटिव्ह जोडीदाराने त्या काळात प्रेप घ्यावी आणि फक्त बीजांड सुटण्याच्या दिवसांत कंडोमशिवाय संबंध ठेवावा.

आई पॉझिटिव्ह असेल आणि उपचार नसतील तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली, आणि नीट दबलेल्या व्हायरल लोडमध्ये १ टक्क्याच्याही खाली येते. स्तनपानात मात्र धोका अगदी कमी होतो, शून्य होत नाही. तेव्हा बाळाला काय पाजायचं हे प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांबरोबर ठरवा. बाळाला जन्मानंतर लगेच औषध सुरू होतं आणि ४ ते ६ आठवड्यांनी विषाणू थेट शोधणारी चाचणी होते. नेहमीची अँटीबॉडी चाचणी लहान बाळाची करून घाबरू नका. आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात.

एक गोष्ट सतत निसटते. नवरा पॉझिटिव्ह, बायको निगेटिव्ह आणि गरोदर, अशा वेळी "आता गर्भ राहिलाच आहे" म्हणून कंडोम सुटतो. गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात आईला नव्याने लागण झाली तर तिच्या रक्तात विषाणू भरपूर असतो आणि बाळाला मोठा धोका असतो. नवऱ्याचा व्हायरल लोड दबलेला नसेल तर त्या महिन्यांत कंडोम आणि प्रेप दोन्ही हवेत. पहिल्या तिमाहीतल्या निगेटिव्ह रिपोर्टवर न थांबता तिची चाचणी पुढेही करत राहायची.

## टप्पा ९: दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी होणाऱ्या चुका

सुरुवातीला सगळे काटेकोर असतात. घसरण नंतर होते. प्रवासात गोळ्या सामानाच्या मोठ्या बॅगेत जातात आणि बॅग हरवते. त्या हातातल्या पिशवीत ठेवा, दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या घेऊन. दुसऱ्या आजारासाठी नवीन डॉक्टरांकडे गेल्यावर एआरटी चालू असल्याचं संकोचाने सांगितलं जात नाही. टीबीची आणि फिट्सची काही औषधं एआरटीचा परिणाम कमी करतात, म्हणून निदान गोळीचं नाव तरी दाखवा. उपचारात खंड पडला हे जोडीदारापासून लपवलं जातं. तसं झालं असेल तर कारण सांगत बसू नका, "आजपासून कंडोम" एवढं म्हणा आणि नवा व्हायरल लोड होईपर्यंत तो वापरा.

वर्षाची व्हायरल लोड चाचणी एकट्याने उरकू नका. त्या दिवशी दोघांनी जा. एकाने व्हायरल लोडसाठी रक्त द्यायचं, दुसऱ्याने स्वतःच्या एचआयव्ही चाचणीसाठी. रिपोर्ट दोन, नावं दोन. पुढच्या भेटीची तारीख तिथून निघण्याआधीच वहीत लिहून घ्या.